पाणी कुठवर आलंय?

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे एक गाव होतं, आणि त्या गावात जोमा नावाचा एक शेतकरी राहत होता. त्याची भातशेती खाडीच्या बांधाला लागून होती. बांधाच्या आत गोडं पाणी आणि भात. बांधाच्या बाहेर खारं पाणी आणि चिखल.

जोमाच्या हातात एक कला होती. शेत सपाट करावं तर त्यानेच. बैलांच्या मागे फळीवर उभा राहून तो शेत असं सपाट करायचा, की त्यात सोडलेलं पाणीच गोंधळून जायचं. आधी कुठल्या कोपऱ्यात जावं ते त्याला कळायचं नाही. शेतात बोटभर उंचवटा राहिला तरी तो जोमाच्या डोळ्यात कुसळासारखा सलायचा. भात सपाट जमिनीत भरतो हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून शेजारीपाजारी आपल्या शेतात फळी फिरवायला जोमाला बोलवायचे.

बांधाच्या बाहेर मात्र कुणी फळी नेत नसे. तिथली जमीन बांधापासून खाडीपर्यंत हळूहळू उतरत जायची. त्या उताराला गावात ‘पायऱ्या’ म्हणत. गावाची रीत अशी होती, की बांधाचा आणि पायऱ्यांचा एकेक वाटा एकेका घराकडे. ज्याचा वाटा, त्याने तो राखायचा. जोमाच्या घरासमोरचा वाटा जोमाकडे होता. पण खरं सांगायचं तर तो राखायची त्याची बायको, हिरू.

हिरू ओहोटीला खाली चिखलात शिंपल्या वेचायला जायची. जाताना आपल्या लेकीला, चांगुणाला, बांधावर बसवायची. वाकून वेचणाऱ्या माणसाला पाणी कधी चढलं ते कळत नाही. म्हणून ती मधूनमधून खालून ओरडायची, "चांगुणे, पाणी कुठवर आलंय?"

चांगुणा वरून सांगायची. तिला आकडे येत नव्हते, पण झाडं येत होती.

सगळ्यात खाली, पाण्याच्या तोंडाशी कांदळ उभा असायचा. लुगडं वर खोचून कुणी पाण्यात शिरावं, तसा तो आपल्या उंच वाकड्या मुळांवर उभा. त्याच्या वर तिवर. त्याची मुळं चिखलातून बोटांसारखी बाहेर आलेली. मग काटेरी पानांची, निळ्या फुलांची मारांडी. मारांडीच्या वर मोरस, जमिनीलगत पसरलेला, जाड पानांचा, पाऊस सरला की लाल होणारा, तोंडात टाकला तर मिठाचा. मोरसाला पाणी लागायचं ते फक्त अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. त्याच्याही वर लव्हाळा. लव्हाळ्याचे पाय वर्षातून दोन-चारदाच भिजायचे, आणि ते भिजले की सारा गाव बांध बघायला धावायचा. अगदी वर, बांधाच्या पायाशी, केवडा.

"केवड्याने पाणी बघायचं नसतं," हिरू म्हणायची, "नुसतं ऐकायचं असतं."

कांदळाचे पाय बुडाले, की हिरू टोपली उचलायची. तिवराची बोटं बुडाली, की वर निघायची. आणि पाणी मारांडीच्या गुडघ्याला लागलं, की चांगुणाने घरात पळायचं आणि चुलीवर भात ठेवायचा. भात शिजेपर्यंत आई अंगणात यायची. हा नेम कधी चुकला नाही.

चांगुणा बारा वर्षांची होती तेव्हा हिरू तापाने गेली. घरातलं बोलणारं माणूस गेलं. जोमा मुळातच कमी बोलणारा. लेकीशी काय बोलावं ते त्याला सुचायचं नाही. मग तो शेतातून, बांधाच्या आतून, ओरडायचा, "चांगुणे, पाणी कुठवर आलंय?" ती बांधावरून सांगायची, "तिवराच्या बोटांना लागतंय, बाबा." त्याला त्या पाण्याशी काही काम नसायचं. तिलाही ते कळत होतं. पण दोघांचं बोलणं व्हायचं.

पुढे चांगुणाचं लग्न झालं. जावई तुळाजी चांगला मिळाला. त्याचे आजे-पणजे मूळचे खाडीकडचेच, पण घाट चढून गेले ते तिकडचेच झाले. घाटावर त्याचा फुलांचा मळा होता. फुलांचं अत्तर काढायचीही कला त्याला येत होती. चांगुणा घाट चढून गेली, आणि तीन वर्षं तिला खाली यायला जमलं नाही.

गावातला बुधाजी बैलांवर मिठाच्या गोण्या लादून घाटावर न्यायचा. येताना तो चांगुणाचा निरोप आणायचा.

"लेक बरी आहे तुझी," बुधाजी म्हणाला. "पण एक खोड लागलीय तिला. मला बघितलं की पहिलं विचारते, पाणी कुठवर आलंय? मी म्हटलं, बाई, घाटाखाली आहे, वर यायचा त्याचा काही विचार दिसत नाही."

"मग हसली का?" जोमाने विचारलं.

"नाही रे. म्हणाली, इथलं पाणी विहिरीत असतं. ते कुठे जात नाही, आणि कुठून येतही नाही."

त्या दिवशी शेतात काम करता करता त्याने सवयीने तोंड उघडलं, "चांगुणे..." आणि मग बांध रिकामा आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

श्रावणात तुळाजी एकटाच सासुरवाडीला आला. केवड्याला तेव्हा कणसं आलेली. तुळाजी बांधावर उभा राहिला आणि वास घेत राहिला.

"मामा, असा केवडा मी कुठे बघितला नाही," तो म्हणाला. "पण एवढाच का? ही चार बेटं? खाली पाण्यापर्यंत का नाही?"

"खाली खारं पाणी येतं, जावईबापू. केवडा जळतो."

"मग जमीनच वर उचलायची. सगळा उतार बांधाच्या पायाइतका उंच करून सपाट करायचा, पुढे मातीचा आडवा वरंबा घालायचा, आणि वरपासून खालपर्यंत केवडा. तुमच्यासारखा सपाटीचा राजा असताना अडचण कसली?" मग त्याने आवाज उतरवला. "तेवढं झालं तर मी मळा भावाच्या हवाली करतो आणि चांगुणाला घेऊन इथेच येतो. अत्तर इथेच काढू. ती तिथे झुरते आहे, मामा. मलाही बघवत नाही."

त्या दिवशी जोमा तो उतार पुन्हापुन्हा न्याहाळत राहिला. सपाट करायचं, एवढंच तर होतं. आयुष्यभर त्याने दुसरं काय केलं होतं?

भातकापणी झाली आणि जोमा कोयता घेऊन बांधाबाहेर उतरला. हिरूची थोरली बहीण धाकलीबाय खेकड्यांची टोपली घेऊन तिथूनच चालली होती. नाव धाकलीबाय, पण गावात तिच्याहून थोर जिभेची बाई नव्हती.

"काय रे जोमा," ती म्हणाली, "खाडीची हजामत करायला निघालास?"

"लेक येणार आहे माझी."

"येऊ दे की. लेक आली तर माणसं अंगण सारवतात. खाडी कोण सारवतं?"

"इथे केवडा लावायचाय. सपाट केल्याशिवाय लागायचा नाही."

"अरे, वाटा तुझा असला तरी बांध सगळ्यांचा आहे. आणि शेत सपाट करतात. ह्या पायऱ्या आहेत. घराच्या पायऱ्या सपाट केल्यास तर चढशील कुठून?"

उत्तर सुचलं नाही की माणूस बोचरं बोलतो. "तुला लेक नाही," तो म्हणाला, "तुला काय कळणार?"

धाकलीबाय एरवी एकाला दोन ऐकवायची. आज तिने टोपली डोक्यावर सारखी केली आणि ती निघून गेली.

जोमा मारांडीपाशी आला. पहिलाच काटा त्याच्या हाताला लागला. त्याला हिरू आठवली, ओल्या पायांनी वर येणारी, आणि घरातून येणारा भाताचा वास आठवला. त्याने कोयता खाली ठेवला. तो तिथेच खाली बसला. कदाचित तो उठून घरी गेला असता.

तेवढ्यात वरच्या वाटेने बैलांच्या घंटा वाजल्या. बुधाजी मीठ घेऊन घाटावर निघाला होता. "जोमा!" त्याने हाळी दिली. "लेकीला काही निरोप?"

जोमा उठून उभा राहिला. "तिला ये म्हणावं," तो ओरडला. "सगळं तयार करून ठेवतो म्हणावं." आणि त्याने कोयता उचलला.

चार महिने तो राबला. कांदळ तोडला, तिवर उपटला, मारांडी जाळली. टोपल्या-टोपल्यांनी चिखल वर आणला, उतार भरला, पुढे वरंबा घातला. मग फळी फिरवली. आयुष्यात इतकी सुंदर सपाटी त्याच्या हातून कधी झाली नव्हती. तिच्यात त्याने केवड्याचे फुटवे लावले, एका ओळीत, एका मापाने.

वैशाखात तुळाजीबरोबर चांगुणा आली. गाडी अंगणात थांबली. जोमा भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. पण ती दाराकडे आलीच नाही. गाडीतून उतरली आणि लहान पोरीसारखी बांधाकडे धावली. बांधावर चढली, आणि तिथेच थांबली.

जोमा मागून आला. तांब्या त्याच्या हातातच होता.

"बाबा," ती वळून न बघता म्हणाली, "पाणी कुठवर आलंय?"

जोमाने खाडीकडे बघितलं. समोर सपाट चिखल होता, त्याच्यावर केवड्याच्या ओळी, आणि वरंब्याच्या पलीकडे कुठेतरी पाणी. भरती होती की ओहोटी, ते बांधावरून कळत नव्हतं. सांगायला काही उरलंच नव्हतं.

"तू यावीस म्हणून केलं गं," शेवटी तो म्हणाला.

"मी आले की, बाबा." तिने त्याच्या हातातला तांब्या घेतला. "पण मी कुठे आले?"

ती राहिली. नवऱ्याचं केलं, बापाचं केलं, तोंडातून वाकडा शब्द काढला नाही. पण रोज ती बांधावर जाऊन बसायची. घाटावर असताना डोळे मिटले की तिला साऱ्या पायऱ्या दिसायच्या. इथे डोळे उघडे ठेवूनही एकसुद्धा दिसत नव्हती. लेक अंगणात होती, आणि जोमाला ती घाटावर होती तेव्हापेक्षा लांब वाटत होती.

भाद्रपदातल्या अमावास्येला मोठं उधाण आलं. पूर्वी असं पाणी यायचं तेव्हा कांदळ त्याला अडवायचा, तिवर त्याचा जोर मोडायचा, मारांडी आणि लव्हाळा त्याला गाळून घ्यायचे. बांधापाशी पोचेपर्यंत पाणी दमलेलं असायचं. ह्या वेळी वाटेत कुणीच नव्हतं. वरंबा एका लाटेत गेला. मुळांशिवाय ठेवलेला चिखल दुधावरच्या सायीसारखा सरकला, केवड्याला घेऊन सरकला, आणि पाणी थेट बांधाला भिडलं.

भर दुपारी सारा गाव टोपल्या घेऊन धावला. बांधाला खिंडार पडलं ते जोमाच्याच शेतावर. हाताला हात लावून लोकांनी ते बुजवलं. गावाची शेतं वाचली, जोमाचं शेत खारं झालं. टोपल्या देणाऱ्यांच्या रांगेत जोमाच्या शेजारी धाकलीबाय उभी होती. ती एक शब्द बोलली नाही, आणि तिची एक टोपलीही रिकामी आली नाही.

पाणी उतरल्यावर तुळाजी म्हणाला, "मामा, चूक माझी. मीच सांगितलं."

"सांगणारे तुम्ही," जोमा म्हणाला, "पण फळी माझी."

इथे आता पोट भरणार नव्हतं. तुळाजीला मळ्याकडे परत जावं लागलं. निघताना चांगुणा बापाच्या पाया पडली.

"बाबा, बुधाजीकाकांबरोबर मला पाण्याचा निरोप पाठव," ती म्हणाली. "पण खरा असेल तोच पाठव."

गाडी वळणाआड जाईपर्यंत जोमा उभा राहिला. मग तो धाकलीबायच्या दारात गेला. आत जायचं धाडस होईना, म्हणून बाहेरच उभा राहिला.

"त्या दिवशी मी वाईट बोललो."

"बोललास," ती म्हणाली. "लेक नाही मला. पण त्या पोरीला पोहायला कुणी शिकवलं? ये, बस. खेकडे खाणार?"

दुसऱ्या दिवसापासून जोमाने उरलेली भर काढायला घेतली. उतार परत होता तसा केला. निदान त्याला वाटलं, तसा केला. कांदळाच्या लांब शेंगा आणि तिवराचं बी शेजारच्या वाट्यांमधून वाहून आलं होतं. ते गोळा करून त्याने ओळीने लावलं, एका मापाने. महिनाभरात निम्मं कुजलं, निम्मं वाळलं.

धाकलीबाय कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "ही काय भाताची लावणी आहे? कांदळ वर बसवलास, तो तहानेने मेला. तिवर खाली बसवलास, तो गुदमरला."

"मग कुठे लावू?"

"मला काय विचारतोस? शेतात बोटभर उंचवटा राहिला तर तुला झोप येत नाही. तो डोळा इथे का मिटतोस?"

जोमा शेजारच्या वाट्याकडे गेला. तिथल्या पायऱ्या शाबूत होत्या. तो चिखलात उकिडवा बसला आणि फळीवरून शेत न्याहाळावं तसं त्याने न्याहाळलं. बोटभर खाली तिवर होता. बोटभर वर मारांडी. पुढे दोन बोटं चढली, की मारांडी संपून मोरस सुरू. एका खळग्यात पाणी साचत होतं, तिथे वेगळंच गवत. जो बोटभर फरक आयुष्यभर त्याच्या डोळ्यांत सलला होता, त्या बोटभर फरकावर इथे एकेक झाड जगत होतं.

त्याने लावणी सोडली. पाणी आणेल ते बी, पाणी ठेवेल तिथे, तो नुसता राखू लागला. गुरं हाकलायची, वाहून आलेली लाकडं काढायची, आणि थांबायचं. थांबणं हेच सगळ्यात अवघड काम होतं. फळी त्याने वाटेतल्या ओहोळावर आडवी टाकली, येण्याजाण्याला.

पहिल्या वर्षी बुधाजी घाटावर निघाला तेव्हा जोमा म्हणाला, "सांग तिला, पाणी चिखलाला लागतंय."

"एवढंच?"

"एवढंच खरं आहे."

दुसऱ्या वर्षी निरोप गेला, तिवराला चार बोटं फुटलीत, ती बुडतायत. तिसऱ्या वर्षी, उधाणाचं पाणी मोरसाला लागलं. त्या वर्षी चांगुणाने उलट निरोप पाठवला, मोरस लाल झाला का? जोमाने जाऊन बघितलं. झाला होता. ते कळवायला बुधाजीची पुढची खेप यायची होती. तेवढे दिवस तो ते उत्तर मनात घेऊन फिरला.

चौथ्या वर्षी कांदळाने पाय टाकले. मारांडी मात्र आली नाही. जोमा रोज भरतीला बांधावर जायचा आणि रिकामा परत यायचा. केस पिकले, गुडघे दुखू लागले. मारांडी आपल्या हयातीत येते की नाही, असं त्याला वाटू लागलं.

पाचव्या वर्षी ती आली. आधी काटेरी पानांची दोन रोपटी, मग एक जाळी. एके दिवशी भरती चढताना जोमाने बघितलं, आणि तो धडपडत बुधाजीच्या घरी गेला.

"सांग तिला, पाणी मारांडीच्या गुडघ्याला लागलं. भात चुलीवर ठेवलाय."

बुधाजी हसला. "अरे, घाट चढायलाच मला चार दिवस. भाताचं काय होईल?"

"तू सांग तर."

त्या दिवसापासून जोमाने नेम धरला. दिवसाच्या भरतीला पाणी मारांडीच्या गुडघ्याला लागलं, की चुलीवर भात ठेवायचा. एकट्यापुरता नाही, घरभर माणसांचा; एवढ्या पावसांनी धुऊन त्याचं शेत पुन्हा पिकू लागलं होतं. उरलेला धाकलीबाय घेऊन जायची आणि म्हणायची, "तुझी लेक येईपर्यंत माझ्या कोंबड्या हत्ती होतील."

अकराव्या दिवशी भात रटरटत होता आणि जोमा उंबऱ्यावर वाटेकडे डोळे लावून बसला होता. गाडीचा आवाज आला. तो उठला, तांब्या शोधू लागला, भाकरतुकडा शोधू लागला, आणि त्याला काहीच सापडेना. तोवर गाडी थांबली होती. उतरलेली बाई दाराकडे न येता बांधाकडे गेली होती. ह्या वेळी ती धावली नाही. हळूहळू गेली, जपून, जणू झोपलेलं कुणी जागं होईल.

जोमा अंगणातच थांबला. बांधापर्यंत जायची त्याची छाती होईना.

मग बांधावरून तिचा आवाज आला, लहानपणी यायचा तसा, मोठा.

"बाबा! पाणी मारांडीच्या कमरेला लागलं. भात करपला असेल!"

जोमाने मागे वळून वास घेतला. खरंच करपला होता.

तात्पर्य: आपलं माणूस जवळ यावं म्हणून त्याच्या ओढीची जागाच मोडू नये. ज्याला ज्या उंचीवर जगायचं, त्याला तिथे जगू द्यावं. तरच परत येणाऱ्याला आपलं घर ओळखू येतं.